कोपराखालची रेघ

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, असं म्हणतात. मीटरवालीचं दुखणं आलं तेच मुंगीच्या पावलांनी. सोमवारी एका बंद गोदामासमोरचं लोखंडी झाकण उचलून तिने खड्ड्यात डावा हात घातला, पाण्याच्या मीटरच्या काचेवरचा चिखल बोटाने पुसला आणि आकडा वाचला. हात बाहेर काढला तेव्हा मनगटाच्या थोडं वर तीन ठिकाणी आग होत होती. मुंग्याच होत्या की आणखी काही, हे तिने पाहिलं नाही. आकडा हातातल्या यंत्रात भरला, पायाने झाकण लोटलं आणि ती पुढच्या दारी गेली. अकरा वर्षांच्या नोकरीत तिला कोळी चावले होते, गांधिलमाशी चावली होती, एका घरमालकाचा पोपटही चावला होता. असल्या गोष्टी मनावर घ्यायच्या तर खड्ड्यात हात घालायचाच नाही.

मंगळवारी खाज सुटली. अशी खाज, की दुसऱ्या कशात लक्ष लागेना. तिने नखांनी खाजवलं, पेनाच्या टोपणाने खाजवलं, झाकण उचलायच्या गंजक्या आकडीनेसुद्धा खाजवलं. त्या वेळी फार बरं वाटलं.

बुधवारी हात कणकेच्या गोळ्यासारखा फुगला. घरात उपाय सांगणाऱ्यांची वाण नव्हती. सासूने टूथपेस्ट लावायला सांगितली, शेजारणीने चुना. नवरा डिलिव्हरीची गाडी चालवायचा आणि रक्ताचा थेंब पाहिला तरी पांढरा पडायचा, पण सल्ला देताना मात्र शूर. सुई गॅसवर तापवायची आणि मधला फोड फोडून टाकायचा, असं त्याने सांगितलं. कोण फोडणार, असं तिने विचारल्यावर तो गाडीत हवा भरायला निघून गेला. तिने टूथपेस्ट लावली, वर लांब बाहीचा शर्ट घातला आणि कामाला गेली. महिनाअखेर होती, एकशेबारा मीटर वाचायची राहिली होती.

त्याच दुपारी ती भिंगवाल्यांकडे पोचली.

हे नाव ऑफिसने ठेवलेलं. तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. पाण्याचं बिल ते भिंगातून वाचायचे आणि मीटर वाचणाऱ्याने खालचा आकडा वर येऊन आपल्याला दाखवलाच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. तीन माणसांनी बदली मागून घेतल्यावर तो भाग मीटरवालीच्या गळ्यात पडला होता. दर महिन्याला ती जिने चढायची, यंत्र पुढे करायची, ते "हं" म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे. दोन वर्षांत याहून जास्त बोलणं झालं नव्हतं.

त्या दिवशी तिने यंत्र पुढे केलं, तशी बाही मागे सरकली. भिंगवाल्यांनी आकड्याकडे पाहिलंच नाही.

"कधीचं आहे हे, बाई?"

सोमवारचं, असं तिने सांगितलं. काही नाही, मुंगी चावलीय, उगाच राईचा पर्वत नको, असंही म्हणाली. त्यांनी दार पूर्ण उघडलं. आत खिडकीशी लाकडी टेबल, एक खुर्ची, भिंतीवर कॅलेंडर, बाकी सगळं लख्ख आणि रिकामं. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, साबणाने हात धुवायला लावला, टूथपेस्ट निघेपर्यंत दोनदा. मग भिंग घेऊन वाकले. ताप आला होता का, काखेत गाठ लागते का, हात गरम लागतो का, ठणकतो का, असं एकेक विचारत गेले. ठणकतो, असं ती म्हणाली. बाकी काही नव्हतं.

"चौतीस वर्षं हॉस्पिटलात ड्रेसर होतो," ते म्हणाले. "जखमा धुतल्या आणि बांधल्या, दुसरं काही केलं नाही. चावा हा चाव्यापुरता असतो. पण तू खाजवून दार उघडून दिलंस, आणि आता आत कोण शिरलंय ते पाहायला हवं."

ते अहो-जाहोवरून अगं-तुगंवर कधी आले, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

आधी अंगठी काढायची, असं त्यांनी फर्मावलं. डाव्या हाताच्या बोटातली लग्नाची अंगठी सुजेत रुतली होती. साबण लावून ती हलेना. मग त्यांनी दोऱ्याचं रीळ आणि सुई काढली. दोरा अंगठीखालून ओवायचा, पुढच्या बाजूने नखाकडे बोटाला घट्ट गुंडाळायचा आणि मागचं टोक धरून उलगडत आणायचं, म्हणजे अंगठी पुढे पुढे सरकते. त्यांनी सुई अंगठीखाली नेली आणि त्यांचा हात थरथरायला लागला. सुईचं बोथट टोक एकदा अंगठीवर आपटलं, एकदा बोटावर. त्यांनी सुई तिच्या उजव्या हातात दिली आणि स्वतः रीळ धरलं. ते सांगत गेले, ती करत गेली. दहा मिनिटांनी अंगठी टेबलावर टणकन पडली.

मग त्यांनी बॉलपेन घेतलं आणि लाली जिथे संपत होती, तिथून तिच्या हातावर सगळीकडून रेघ ओढली. रेघ वेडीवाकडी आली, नकाशातल्या नदीसारखी. वर लिहिलं: बुधवार, चार वाजता.

फोड फोडायचा नाही, चुना-बिना लावायचा नाही, हात उशीवर उंच ठेवायचा, असं त्यांनी बजावलं. आता हा हात डॉक्टरला दाखवायलाच हवा, आजच दाखवलास तर उत्तम. ती हो-नाही करायला लागली, तेव्हा ते म्हणाले, "मग निदान सकाळी आठ वाजता इथे ये. लाली रेघेच्या बाहेर गेली असेल, तर तुझं काम, तुझी मीटरं, काही ऐकून घेणार नाही. आणि ताप आला किंवा लाल पट्टा कोपराकडे चढायला लागला, तर आठचीसुद्धा वाट बघू नकोस. सरळ हॉस्पिटल गाठ."

सकाळी तिने बाही वर केली. ताप नव्हता. लाली मात्र रेघ ओलांडून दोन बोटं पुढे गेली होती. मधल्या फोडाला पिवळं तोंड आलं होतं.

ती पलंगावर बसून राहिली. कामावरून घरी पाठवून देतील, उरलेली मीटरं कोण वाचणार, साहेबांना काय सांगायचं, हे सगळं तिच्या डोक्यात आलं. खरं सांगायचं तर ती घाबरली होती, आणि घाबरलं की तिला जास्त काम सुचायचं. नवऱ्याला बरं आहे म्हणून सांगितलं आणि भिंगवाल्यांची गल्ली टाळून ती थेट बेकरीजवळच्या घरांच्या रांगेत गेली. एका हाताने झाकणं उचलत चार मीटर वाचली. पाचव्या खड्ड्याशी उकिडवी बसली तेव्हा समोर दोन स्लिपर येऊन थांबल्या.

भिंगवाले धापा टाकत होते. अंगात घरचा सदरा, दाढी अर्धीच झालेली. सव्वाआठपर्यंत वाट पाहिली आणि निघालो, असं ते म्हणाले. ती कुठल्या घरानंतर कुठल्या घरी जाते, हे त्यांना पाठ होतं. दोन वर्षं खिडकीतून बघत होते.

"दाखव."

तिने बाही वर केली. ते रागावले नाहीत. यंत्र तिच्या हातातून घेतलं, स्वतःच्या खिशात टाकलं आणि चालायला लागले. ती मागे निघाली.

दवाखान्यात बाकं भरलेली होती. काउंटरवरच्या मुलीने एक्केचाळिसावा नंबर दिला आणि बसायला सांगितलं. भिंगवाल्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी मीटरवालीचा हात काउंटरवर ठेवला आणि रेघेवर बोट टेकवून म्हणाले, "काल चार वाजता लाली इथे होती. आता साडेनऊ झालेत." मुलीने रेघ पाहिली, लाली पाहिली आणि उठून आत गेली. पाच मिनिटांत बोलावलं जाईल, असं परत येऊन सांगितलं.

त्या पाच मिनिटांत तिने त्यांना विचारलं, की काम का सोडलं. हात थरथरायला लागले होते, असं ते म्हणाले. तरी दोन वर्षं रेटलं. एकदा एका लहान मुलीच्या पायाची पट्टी बदलत होते. ती रडली नाही, नुसती त्यांच्या हातांकडे बघत राहिली आणि तिने हळूच पाय मागे घेतला. त्याच आठवड्यात त्यांनी कपाटाच्या किल्ल्या परत दिल्या. त्यानंतर दवाखान्याच्या दारात पाऊल टाकलं, ते आजच.

डॉक्टर तरुण बाई होती. तिने जागा बधिर केली, छोटा छेद देऊन पू काढला, इंजेक्शन दिलं आणि सात दिवसांच्या गोळ्या लिहिल्या. बरं वाटलं तरी गोळ्या मध्ये सोडायच्या नाहीत, असं दोनदा सांगितलं. मग हात उजेडाकडे वळवून विचारलं, "ही रेघ कोणी काढली?"

"मी," भिंगवाले दारातून म्हणाले. "जरा वाकडी आलीय."

"वाकडी असू द्या. वेळ लिहिलीत, त्यामुळे किती वेगाने पसरतंय ते मला लगेच कळलं. आणखी एक दिवस अंगावर काढलं असतं, तर ॲडमिट करावं लागलं असतं."

भिंगवाल्यांचे कान लाल झाले. त्यांनी खिशातलं यंत्र काढून उगाचच पुसलं.

पट्टी रोज बदलायची होती आणि दवाखान्यात रोज तीन तास जाणार होते. भिंगवाले म्हणाले, माझ्या घरी करू, नवऱ्याला घेऊन ये. नवरा संध्याकाळी आला तो पायरीवरूनच सांगत आला, की मला हे जमणार नाही. त्याला हात धुवायला लावले. धुतले, तर परत धुवायला लावले. मग नखं पाहिली आणि तिसऱ्यांदा धुवायला लावले. पहिल्या दिवशी पट्टी सोडताना त्याने डोळे मिटले, तेव्हा भिंगवाले शांतपणे म्हणाले, की गाडीसुद्धा अशीच चालवतोस का. तो हसला आणि हसण्याच्या भरात पट्टी निघाली. जखम पुसायची नाही की घासायची नाही, पाणी ओतून धुवायची, कडा कोरड्या करायच्या, पट्टी घट्ट नको, खाली एक बोट शिरलं पाहिजे. भिंगवाले खुर्चीमागे उभे राहून सांगायचे, हात पाठीमागे बांधून. चौथ्या दिवशी नवरा न विचारता कडांचा रंग सांगायला लागला. पाचव्या दिवशी त्याने घरी आईला टूथपेस्टच्या तोट्यांवर व्याख्यान दिलं.

राहिलेली मीटरं दुसऱ्या दोघांनी वाटून घेतली. आभाळ कोसळलं नाही. साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, की खड्ड्यात हात घालायला मोजे मागितले का नाहीत. तिने लगेच दोन जोड मागितले.

अकराव्या दिवशी सूज पूर्ण उतरली. कातडी सुरकुतली होती, रेघ धुऊन गेली होती आणि छेदाच्या जागी गुलाबी नवी त्वचा आली होती, मसुराच्या दाण्याएवढी. नवऱ्याने शेवटची पट्टी काढली आणि बाजूला झाला. भिंगवाले खुर्चीमागून पुढे आले. त्यांनी हात धुतले, पुसले आणि समोर बसले. त्यांचं बोट थरथरत तिच्या हातापर्यंत आलं. तिने हात मागे घेतला नाही. त्यांनी नव्या त्वचेच्या चारी बाजूंनी हलकं दाबून पाहिलं, घाई न करता.

"दुखतं?"

"नाही."

"मग झालं," ते म्हणाले आणि पट्ट्यांचा डबा नवऱ्याच्या हातात देऊन त्यांनी खिडकी उघडली.