शिंपीकाकांची बैठक

प्रश्न : गेल्या आठवड्यात बसायला त्रास झाला का?

झाला का म्हणे. शिंपीकाका इस्पितळाने दिलेला तो प्रश्नांचा छापील कागद हातात घेऊन उभेच होते. दोन महिने झाले, ते एक तर उभे असत नाही तर आडवे. कॅन्सर खुब्याच्या हाडात उतरला आणि चाळीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला बसणंच पारखं झालं. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. आजार जाणार नाही, पण किरणांचे पाच शेक दिले तर दुखणं उतरेल.

"बसता येईल?" काकांनी तेवढंच विचारलं.

"बहुतेक. पंधरा दिवस धीर धरा."

प्रश्न : उपचारात अडचण आली का?

आली, आणि काकांनीच ओढवून घेतली. शेक नेमका कुठे द्यायचा, त्याच्या खुणा किरणांच्या मशीनवाल्या ताईंनी शाईने कातडीवर आखल्या होत्या. पहिला शेक घेऊन काका घरी आले आणि न्हाणीत उभ्याउभ्याने घासून सगळ्या साफ केल्या.

"अहो, हे काय केलंत?" काकूंनी कपाळाला हात लावला.

"काम झालं की खुणा पुसायच्या. आखलेला कपडा तसाच गिऱ्हाइकाला देतात का?"

"तुम्ही कपडा की गिऱ्हाईक, ते आधी ठरवा."

दुसऱ्या दिवशी काका ताईंपुढे चोरासारखे उभे. आता शेक बंदच, असं त्यांनी धरून ठेवलेलं. ताई रागावल्या नाहीत. पाऊण तास खपून त्यांनी सगळं पुन्हा आखलं.

"काका, शिवण अर्ध्यात आहे. चार टाके राहिलेत."

आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतलेल्या काकांचे डोळे भरून आले. त्यांचं माप इतक्या निगुतीने कुणी घेतलं नव्हतं.

प्रश्न : दुखणं कमी झालं का?

आधी वाढलं. काका भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दहाव्या दिवशी कूस बदलता आली. बाराव्या दिवशी गोळ्या निम्म्यावर आल्या. तेराव्या दिवशी काकूंनी खुर्चीवर उशी ठेवली आणि आत निघून गेल्या.

शेवटचा प्रश्न इस्पितळातल्या सिस्टरांनी सतराव्या दिवशी फोनवर विचारला. फोन काकूंनी काकांच्या कानाला धरला होता.

"काका, एकंदर जगणं कसं चाललंय? एक ते सातमध्ये सांगा, सात म्हणजे उत्तम."

मशीनवर काकूंचा ब्लाऊज होता, इतकी वर्षं गिऱ्हाइकांमागे ताटकळलेला.

"सिस्टर, तुमचे सगळ्यांचे फार उपकार आहेत," काका म्हणाले. "पण जरा वेळाने कराल का फोन? बाही लावतोय. आत्ता मला उठवू नका."