घाटावरच्या बर्फाची नोंद

नारीन या आमच्या डोंगराळ शहरात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. मार्चमध्ये एका सकाळी सायरागुल एजे एक कॅसेट घेऊन आल्या. एजे म्हणजे आमच्याकडची ताई; सत्तरी ओलांडलेली बाई. पूर्वी त्या घाटावरच्या ठाण्यात होत्या. बर्फ कधी कोसळेल याचा अंदाज तिथून द्यायचे.

"एल्दियार, आधीच सांगते, यात गाणी नाहीत हं."

१९८८ साली घाटात बर्फ कोसळून एक बस गाडली गेली, नऊ माणसं गेली. ठाण्याचे प्रमुख सुयूंबेक यांनी रस्ता बंद करायला सांगितलंच नव्हतं. चौकशीत त्यांनी सगळा दोष स्वतःवर घेतला. नोकरी गेली, गावानं बोलणं टाकलं, आणि तसेच ते वारले. एजेंचं मात्र एकच म्हणणं होतं, चूक ठाण्यातल्या अंदाज काढणाऱ्या मशीनची. ते मशीन केव्हाच भंगारात गेलं होतं. त्याचा प्रोग्राम तेवढा या कॅसेटवर उरला होता.

माझ्या संगणकावर त्या जुन्या मशीनसारखंच वागणारा इम्युलेटर आहे. कॅसेटचा आवाज मी त्यात उतरवला. दोनदा अडला. तिसऱ्यांदा काळ्या पडद्यावर रशियन अक्षरं उमटली.

"अगं बाई, तेच!" एजे खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या. त्यांनी ठाण्याची वही उघडली आणि त्या दिवशीचे आकडे वाचायला लागल्या. वारा, तापमान. "ताजा बर्फ, त्र्याऐंशी सेंटिमीटर."

उत्तर आलं: रस्ता बंद करा.

"परत घाल. त्या दिवशी यानंच रस्ता चालू ठेवा म्हणून सांगितलं होतं."

परत घातले. उत्तर तेच.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला त्या दिवशी भरलेले आकडे साठवलेले होते. ते उघडले. सगळे वहीबरहुकूम. फक्त ८३ च्या जागी ३८.

"आकडे कोण भरायचं?" मी विचारून गेलो आणि जीभ चावली.

"मीच."

त्यांनी वहीतल्या ८३ वर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "चौकशीच्या आदल्या दिवशी ते मला म्हणाले होते, तू तोंड उघडू नकोस, तुझी पोरं लहान आहेत. मला वाटलं, उगाच मोठेपणा करतायत. त्यांनी वही आणि मशीनमधले आकडे ताडून पाहिले होते रे."

मी म्हटलं, "एजे, आता एवढ्या वर्षांनी कशाला..."

"गप्प बस. गाडी काढ."

सुयूंबेकांची मुलगी बुरुल बाजारापलीकडे राहते. तिनं चहा ओतला, तळलेले बोर्सोक पुढे ठेवले. एजेंनी कशालाही हात न लावता सगळं सांगितलं, एका दमात. बुरुलनं चहाचा वाडगा खाली ठेवला.

"शाळेत माझ्या शेजारी कोणी बसायचं नाही. माहितेय तुम्हाला?"

"माहितेय."

"तेव्हा तुम्ही मला टॉफ्या द्यायचात."

एजेंनी मान खाली घातली. बुरुलनं कागद आणि पेन आणलं. "लिहून द्या. सही करा."

एजेंनी तिथंच लिहून दिलं. त्याची नक्कल ठाण्याच्या खात्याला पाठवली, तर उत्तर आलं की तशी फाईल आता सापडत नाही. मग मेमध्ये, बसमध्ये गेलेल्यांच्या नावानं लोक दरवर्षीसारखे घाटाच्या पायथ्याशी जमले तेव्हा, एजेंनी तो कागद स्वतः वाचला. बसच्या ड्रायव्हरचा भाऊ मध्येच उठून निघून गेला. बाकीचे शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले. मुल्लांनी दुवा मागताना त्या वर्षी पहिल्यांदा सुयूंबेकांचं नाव घेतलं.

बुरुल एजेंशी अजून बोलत नाही. पण त्या दिवशी परतताना उतारावर एजेंचा पाय घसरला, तेव्हा तिनंच हात धरला, आणि गाडीपर्यंत सोडला नाही.