सत्तेचाळीस ठिपके

"ओढू नकोस गं. आधी दोरा कुठून आलाय ते बघ." लहानपणी शिवणयंत्राशेजारी ऐकलेला मावशीचा हा आवाज तिच्या कानात अजून तसाच होता. गुंता झाला की मावशी तो मांडीवर पसरायची आणि बोटाच्या टोकाने एकेक धागा मागे मागे नेत जायची.

आता तिच्यासमोर पडद्यावर रेघा पसरल्या होत्या. तिची टीम बसच्या वेळापत्रकाचं ॲप बनवायची. कोडमध्ये कुणी, कधी, काय बदललं याची प्रत्येक नोंद त्या खिडकीत रंगीत रेघेवरच्या ठिपक्यासारखी दिसे. ठिपक्यावर क्लिक केलं की बदललेल्या ओळी उघडत. तिची रेघ हिरवी.

टीमचे प्रमुख, ज्यांना सगळे वस्ताद म्हणत, हेच काम काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून करत. जाता-येता विचारत, "काय चित्रकार, रंगवून झालं का?" शेजारचा चष्मेवाला खुदकन हसे.

वस्तादांचा एक रिवाज होता. ॲप बाहेर पडायच्या दिवशी सगळ्यांच्या नोंदी चेपून एकच करायची, तीही स्वतःच्या नावाने. "इतिहास कसा, चकचकीत हवा." दोन वर्षं तिच्या रेघा अशाच पुसल्या गेल्या होत्या, आणि ती मूग गिळून बसली होती.

आज ॲप बाहेर पडायचं होतं, आणि सकाळी कळलं, शेवटची बस ॲपमधून गायब आहे. ती ठिपक्या-ठिपक्याने मागे गेली. इथे बस आहे. इथेही आहे. अकरा दिवसांपूर्वीच्या ठिपक्यापाशी नाही. रात्री बारा वाजून दहा मिनिटांची ती बस, मध्यरात्री तारीख बदलते म्हणून, गाळली गेली होती. ठिपका हिरवा होता. म्हणजे तिचाच. तिने दुरुस्ती केली, बस परत आली.

वस्ताद खुर्ची ओढून बसले. "कुणाचा प्रताप?"

तिने हिरव्या ठिपक्यावरचा बाण बाजूला नेला.

"बरं, राहू दे. तुझ्या सत्तेचाळीस नोंदी चेप आणि माझ्या नावावर टाक. चूक कुणाला दिसायचीच नाही. चार वाजता ग्राहकाची माणसं नोंदी बघणार आहेत." आवाजात चक्क माया होती.

सोपं होतं. ठिपके निवडायचे, एक बटण दाबायचं. चूक जाईल. तिच्याबरोबर अंधांना बसची वेळ वाचून दाखवणारा, तिने केलेला भागही वस्तादांच्या नावावर जाईल, जो जमायला तीन आठवडे लागले होते.

तिने दुसरं बटण दाबलं. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस ठिपके, न चेपता, ज्या मुख्य रेघेतून ॲप बाहेर पडे तिला जाऊन मिळाले.

"अगं, हे काय केलंस? सगळ्यांना दिसेल ना आता."

"दिसू दे, सर."

चष्मेवाल्याची बोटं थांबली.

"आणि ती चूक?" वस्तादांनी विचारलं. "तिच्यावरही कुणाचं तरी नाव असेल."

"माझं आहे. शेवटची बस मी घालवली." तिने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "आणि बाकीचं कामही माझंच आहे, सर. दोन वर्षांत तुमच्या नावावर गेलेलंसुद्धा."