दोन निळ्या रॅकेटी

प्रभावती राठोड बाभुळगावच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. वयाची पंचेचाळिशी ओलांडली तरी त्यांचं टेनिस सुटलं नव्हतं. यवतमाळच्या खुल्या स्पर्धेत लागोपाठ दोन वर्षं त्या अंतिम सामन्यात पोचल्या आणि दोन्ही वेळा दातांची डॉक्टर असलेल्या प्रियंकाकडून हरल्या. त्यात यंदा उजवा कोपर दुखायला लागला. पोळी लाटतानासुद्धा कळ यायची.

नागपूरला इंजिनिअरिंग शिकणारी त्यांची मुलगी खुशी दिवाळीला आली ती नवी रॅकेट घेऊनच.

"याडी," ती आईला म्हणाली, "तुझीच रॅकेट आहे ही. कंपनी तीच, निळा रंगही तोच. फक्त नवी आवृत्ती, अन् पुढून थोडी हलकी. तुझ्या कोपराला बरी पडेल."

प्रभावतींनी दोन्ही रॅकेटी शेजारी शेजारी धरल्या. जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या. पण जुनी त्यांना घनश्याम सरांनी दिली होती. याच सरांनी त्यांना सातवीत असताना कबड्डीच्या मैदानावरून उचलून टेनिसला लावलं होतं. सर निवृत्त झाले, तरी रोज सकाळी शाळेमागच्या सिमेंटच्या कोर्टवर त्यांना खेळवायला यायचे.

दुसऱ्या दिवशी नव्या रॅकेटने चार फटके मारले आणि प्रभावतींचा चेहरा उजळला. बॉल नुसता लोण्यासारखा सुटत होता.

सर मात्र बाकावरून उठलेही नाहीत. "तार नवी हाय तिची. तुह्या रॅकेटची तार पाय, कशी मेली हाय! नव्या तारेनं कोनतीबी रॅकेट गोडच लागते. असं पारखतेत का? अन् स्पर्धा तोंडावर आली असताना रॅकेट कायले बदलून राह्यली तू?"

बोलणं टोचलं, पण खोटं नव्हतं. प्रभावती त्याच दिवशी यवतमाळला गेल्या आणि दोन्ही रॅकेटींना एकाच जातीची मऊ तार, एकाच ताणाची लावून आणली. खुशीने दोन्ही मुठींवर सारखीच पट्टी गुंडाळली, दांड्यावरची नावं काळ्या टेपने झाकली आणि जुन्या रॅकेटच्या टेपच्या आत बारीकशी खूण केली.

"आता कोणती कोणाची, ते फक्त मले माहीत," ती म्हणाली. "तू खेळ अन् सांग."

सुटी संपेपर्यंत रोज सकाळी हाच कार्यक्रम चालला. सर बॉल टाकायचे, खुशी मधूनच रॅकेट बदलून द्यायची. मागच्या रेषेवरून खेळताना दोन्हींत फारसा फरक नव्हता. उलट सर्व्हिसला एक रॅकेट जरा जास्तच जोर द्यायची. पण जाळीजवळ गेलं की ती उशिरा वळायची, आणि दुसरी डोळ्यांनी बॉल पाहायच्या आत तिथे हजर असायची. जोराच्या रॅकेटने जास्त खेळलं की दुसऱ्या दिवशी पोळपाट नकोसा व्हायचा.

शेवटच्या सकाळी त्यांनी जाळीजवळची रॅकेट उचलली. "ही."

मनातून वाटत होतं, ही सरांचीच निघावी. खुशीने टेप सोलली. आत खूण नव्हती. नवी होती.

प्रभावतींचे डोळे भरून आले. सर जवळ आले, रॅकेट हातात घेऊन दोनदा हवेत फिरवली.

"काहून रडून राह्यली? तुह्या हाताले जमते ते घे. रॅकेट बदलली म्हनून सर का बदलले तुहे?"

अंतिम सामन्यात समोर पुन्हा प्रियंकाच होती. पहिला सेट कधी गेला ते कळलंही नाही. हलक्या रॅकेटची सर्व्हिस आखूड पडायची आणि प्रियंका पुढे सरसावून ती कोपऱ्यात मारायची. कोणीतरी म्हणालंच, "म्याडमचं वय झालं आता."

विश्रांतीत प्रभावतींनी पिशवी उघडली. आत जुनी रॅकेट होती. त्यांनी तिच्या मुठीवर हात ठेवला आणि गर्दीत सरांकडे पाहिलं. सर मुद्दाम दुसरीकडे बघत होते. निर्णय त्यांचा एकटीचाच होता.

मग त्यांच्या लक्षात आलं. रॅकेट निवडली ती जाळीसाठी, आणि आपण उभ्या आहोत मागच्या रेषेवर! रॅकेट नवी घेतली, पण खेळ तोच जुना. त्यांनी पिशवीची चेन ओढली आणि नवी रॅकेट घेऊनच उठल्या.

दुसऱ्या सेटपासून त्या सर्व्हिस वळवून टाकत आणि तिच्या मागोमाग पुढे धावत. प्रियंका गोंधळली. प्रभावतींना तिने कधी जाळीजवळ पाहिलंच नव्हतं. तिने डोक्यावरून बॉल टाकून पाहिले, प्रभावतींनी ते तिथल्या तिथे फोडले. तिने अंगावर मारून पाहिले, तेही अलगद परतले. दुसरा सेट जिंकून त्यांनी बरोबरी साधली तेव्हा मघाचा माणूस खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होता.

तिसऱ्या सेटमध्ये दोघीही घामाने निथळत होत्या. कोणी मागे हटत नव्हतं. अखेर एका गेमची आघाडी घेऊन प्रभावती विजयाच्या गुणापर्यंत पोचल्या. सर्व्हिस टाकली, धावल्या. प्रियंकाने होता नव्हता तेवढा जोर लावून बॉल थेट त्यांच्या छातीवर मारला. विचार करायला वेळच नव्हता. मनगट वळलं, रॅकेट आडवी आली आणि बॉल जाळीपलीकडे टपकन पडून तिथेच विरला. प्रियंका धावली, पण पोचली नाही.

प्रभावतींनी दोन्ही हात वर केले आणि अशी आरोळी ठोकली की बाहेर चहाच्या टपरीवरची माणसं आत डोकावली. खुशी कोर्टवर धावत येऊन गळ्यातच पडली.

"ताई, हा खेळ कुठे लपवला होता इतकी वर्षं?" प्रियंकाने हसत हात पुढे केला.

"माह्यापासच होता, मलेच माहीत नव्हता," प्रभावती म्हणाल्या.

बाभुळगावच्या एसटीत जागा मिळाली नाही. प्रभावती उभ्याच होत्या, एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हाताने चषक छातीशी घेऊन. उभ्या आयुष्यात कोणाचं तोंडावर कौतुक न केलेले घनश्याम सर कंडक्टरपासून मागच्या बाकापर्यंत प्रत्येकाला गाठून सांगत होते, "ओळखलं का? यवतमाळची चॅम्पियन हाय हे! आपल्या गाडीत उभी हाय, कोनी जागा तं द्या रे!"

अर्धी गाडी उठून उभी राहिली.