पुरलेली कॅन

"तुही कॅन लय पुरते वं पोरी. आमच्या घरी तं तिसऱ्या दिवशी सकाळीच खडखडाट. पाह्य जरा, तुह्या घरात कोनी तहानलेलं तं राह्यत नाही ना?"

नजमुन्निसाचाची भिंतीपलीकडून बोलल्या तेव्हा त्यांच्या दातांत सुईचा दोरा होता, त्यामुळे शब्द अर्धे चावून आले. प्रतीक्षा हसली. म्हणाली, "चाची, नियोजन लागतं त्याला." चाचींनी दोरा तोडला, मान हलवली आणि गोधडीचं टोक ओढून घेतलं. घरात येता येता प्रतीक्षाच्या मनात आलं, लोकांना दुसऱ्याचं नीट चाललेलं बघवत नाही.

प्रतीक्षा मूळची बुलढाण्याची. तिथंच तिचं बी.एस्सी. झालं. घाटावरच्या मुलीला पाण्याची टंचाई ठाऊक असते, पण पाणी वैरी असू शकतं हे ठाऊक नसतं. लग्न होऊन ती घाटाखाली, शेगावच्या अलीकडच्या गावात आली. पहिल्याच आठवड्यात तुरीची डाळ कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊनही टणक राहिली. साबणाला फेस येईना, धुतलेल्या भांड्यांवर पांढरी पुटं चढायची. बोअरच्या पाण्याचा पहिला घोट तिनं मोरीत थुंकला होता. सासू चांगुणाबाई तेव्हा खो खो हसल्या होत्या. "खारपाणपट्टा म्हंतेत याले, बाई! आमच्या जावयानं तं लग्नात सरबत पेऊन इचारलं, साखरेऐवजी मीठ काऊन टाकलं म्हनून."

मयुरी झाली आणि प्रतीक्षाचं हसणं आटलं. लेकराच्या पोटात हे पाणी जाणार? तिनं हट्ट धरून फिल्टरच्या पाण्याची कॅन लावली. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी गाडी येई. नवरा प्रसेनजित शेगावला एका लॉजवर कामाला. सीझन असला की बरं चालायचं, नसला की मालक अर्ध्या दिवसावर घरी पाठवायचा. तेव्हा दर फेरीला एकच कॅन, जास्तीची नाही, असं ठरलं.

त्या एका कॅनवर तिनं सगळं घर बसवलं. स्टुलावर कॅन, वर धुतलेलं फडकं. पिणं आणि मयुरीचा वरणभात कॅनमधून, बाकी सगळं मागच्या ओसरीवरच्या, बोअरच्या पाण्याच्या रांजणातून. डाळ आदल्या रात्रीच भिजवायची म्हणजे पाणीही कमी, गॅसही कमी. चहाची पत्ती दुपारी परत उकळायची. साबणाच्या चिपा नव्या वडीला चिकटवायच्या. मयुरीच्या बाटलीत उरलेलं पाणीही फेकायचं नाही, त्यात संध्याकाळची कणीक भिजायची.

"आई, तुम्हीसुद्धा कॅनमधलंच प्यायचं बरं का," हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मनापासून सांगितलं होतं.

"हाव ना," चांगुणाबाई म्हणाल्या होत्या.

सुरुवातीला कॅन पुरायची नाही. एकदा बुधवारी रात्रीच संपली. मयुरीला ताप होता. प्रतीक्षा रिकामी कॅन आडवी करून थेंब गोळा करत होती आणि स्वतःशीच पण मोठ्यानं बोलली, "कोण पितं एवढं कोण जाणे! आता लेकराला काय पाजू मी?" चांगुणाबाई ओट्याशी लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. उठल्या, चप्पल घातली आणि नजमुन्निसाकडून तांब्याभर फिल्टरचं पाणी घेऊन आल्या.

त्यानंतर कॅन कधी आधी संपली नाही. गुरुवारी दुपारी मयुरीची बाटली भरून झाली की तळाशी चार बोटं पाणी उरायचंच. प्रतीक्षाला वाटलं, घराला शिस्त लागली.

तशी ती डोळ्यात तेल घालून राहणारी बाई. मयुरीनं किती घास खाल्ले, शी कशी झाली, लघवीचा रंग पिवळा तर नाही ना, सगळ्यावर नजर. लेकरू शिंकलं तरी हिचा जीव टांगणीला. याच घरात आणखी एक माणूस हळूहळू बदलत होतं, तिकडं तेवढी नजर गेली नाही. म्हणजे दिसलं सगळं. चांगुणाबाईंना चप्पल आवळायला लागली तेव्हा त्यांनी पट्टा ब्लेडनं कापून दोरीनं सैल बांधला. प्रतीक्षाला कौतुक वाटलं, आईंनी नवी मागितली नाही. जेवणात एक भाकर होती ती अर्धी झाली. "भूक नाही वं, म्हाताऱ्या मानसाले काय लागते?" उरलेली अर्धी सकाळी कुस्करून फोडणीला जायची. तेही वाया गेलं नाही. दुपारी त्या भिंतीला टेकून बसायच्या, लवकर उठायच्या नाहीत. प्रतीक्षाला वाटलं, वय.

"आई, पाणी प्यायलात का?" असं ती विचारायची. अगदी विचारायची.

"मघाशीच तं पेलं."

बचत गटाच्या ताई एका बैठकीत म्हणाल्या, प्रतीक्षाबाई शिकलेल्या आहेत, त्यांनी घर काटकसरीनं कसं चालवावं ते सांगावं. प्रतीक्षा समाजमंदिरात उभी राहिली आणि एका कॅनवर चार माणसं कशी भागतात ते तिनं रंगवून सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या ओळीत चांगुणाबाई मयुरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मयुरीचे दोन्ही हात धरून तिच्याकडूनही टाळ्या वाजवून घेतल्या. बैठक सुटल्यावर नजमुन्निसाचाची नुसतं एवढंच म्हणाल्या, "बोललीस छान." बाकीचं त्यांचं आधीच सांगून झालं होतं.

संक्रांतीनंतर एके सकाळी चांगुणाबाई ओसरीवर उलट्या करत बसलेल्या सापडल्या. तोंड सुजलेलं, डोळे बारीक झालेले. गावातल्या डॉक्टरांनी हात टेकले आणि अकोल्याला न्यायला सांगितलं. तिथं तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होते, चेहऱ्यावर झोप नव्हती. त्यांनी विचारलं, "घरी कोणतं पाणी पितात आजी?"

चांगुणाबाईंनी तोंड उघडायच्या आत प्रतीक्षा म्हणाली, "फिल्टरचंच, डॉक्टर. मी स्वतः बघते. आमच्याकडे कॅन असते."

चांगुणाबाईंनी सुनेकडं पाहिलं आणि मान डोलावली.

दोन्ही किडन्या फार दुबळ्या झाल्यात, ठेवून घ्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. नणंद पंचफुला अकोल्यालाच दिलेली, ती आईजवळ राहिली. प्रसेनजितला लॉजवरून सुट्टी मिळेना. प्रतीक्षा मयुरीला घेऊन घरी परतली, कारण दवाखान्यात लेकरू न्यायला तिला भीती वाटायची.

सोमवारी गाडी आली, कॅन स्टुलावर चढली. घरात एक माणूस कमी. प्रतीक्षानं मनाशी धरलं होतं, या खेपेला शुक्रवारपर्यंत जाईल, उरलेलं पाणी थर्मासात घालून आईंना अकोल्याला पाठवता येईल. गुरुवारी दुपारी तिनं कॅन वाकवली, मयुरीची बाटली भरली, आणि तळाशी पाहिलं.

चार बोटं पाणी उरलं होतं. नेहमीएवढंच.

पाहुणं कोणी आलं होतं का? नाही. सांडलं होतं का? नाही. वरण दोनदा शिजवलं? तेही नाही. नवरा तोच, ती तीच, लेकरू तेच. सासू तेवढी नव्हती. आणि कॅनला ती नसल्याचं कळलंच नव्हतं.

प्रतीक्षा कॅन तशीच वाकडी धरून उभी राहिली. मग मागच्या ओसरीवर गेली. रांजणाच्या झाकणावर चांगुणाबाईंचा स्टीलचा पेला पालथा घातलेला होता. रोज तिथंच असायचा. रोज तिनं तो पाहिला होता, झाडताना उचलून परत ठेवला होता. आज तिनं तो उलटा करून आत पाहिलं. आत तळापासून काठापर्यंत पांढरी खरपुडी धरली होती. नखानं खरवडली तरी निघेना.

दुसऱ्या दिवशी मयुरीला चाचींच्या ओटीत टाकून ती अकोल्याला गेली. चांगुणाबाई खाटेवर टेकून बसल्या होत्या, हाताला सुई लावलेली.

"आई, खरं सांगा. कॅनचं पाणी तुम्ही कधी प्यायलात?"

"पेलं ना. सुरुवातीले पेलं." मग त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "गोड लागे वं. लयच गोड. म्हनून तं सोडलं. एकडाव तोंडाले लागलं का मानूस थांबत नाही."

"मी तुम्हाला नाही म्हटलं होतं का कधी?"

"तू काऊन नाही म्हनशील? तू त्या रोजी म्हनली, कोन पेते एवढं. मी पेत होती ना! दुपारी पऱ्हाटीतला कापूस येचून आली का दोन पेले एका दमात. मले लाजच वाटली. लेकरू तापानं फणफणते अन् म्या म्हातारीनं त्याचं पानी पेऊन टाकलं." चांगुणाबाईंनी सुनेच्या हातावर थोपटलं. "जाऊ दे. म्या जलमभर रांजनातलंच पेलं. मले काय होते?"

पंचफुला खिडकीशी मोसंबी सोलत होती. ती वळली. "वहिनी, तुम्ही गटात भाषण केलं त्या दिवशी मायनं मले फोन केला होता. म्हने माही सून अशी बोलली, अशी बोलली, का बाया पाह्यतच राह्यल्या." तिनं साल कचऱ्यात टाकली. "आमच्या मायच्या तहानीवर टाळ्या घेतल्या तुम्ही."

"चूप बस वं पंचफुले," चांगुणाबाई म्हणाल्या. "तिले काय ठाऊक?"

प्रतीक्षाला तेच सोसवेना. पंचफुला आणखी बोलली असती तर बरं झालं असतं.

ती डॉक्टरांकडं गेली आणि आपण आधी सांगितलेलं चूक होतं असं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "पाण्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. बीपीही आहे त्यांना, कधी तपासलेलं नाही. पण सूज, भूक मरणं, हे सगळं आधीपासून असणार. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?"

आता चांगुणाबाई घरी आहेत. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला अकोल्याला न्यावं लागतं. घरात आता दोन कॅन येतात आणि रांजण प्रतीक्षानं नुसता भांड्यांसाठी ठेवला आहे. पण डॉक्टरांनी सासूचं पाणी बांधून दिलंय. दिवसाला एवढंच, त्यापलीकडं घोटभरही नाही, नाहीतर छातीत पाणी होईल. गोड पाणी समोर स्टुलावर आहे, आणि चांगुणाबाई ओठ ओले करून पेला खाली ठेवतात. उन्हं तापायला लागल्यापासून त्या दुपारी कॅनकडं तोंड करून झोपत नाहीत, भिंतीकडं वळून झोपतात. आणि तो हिशोबाचा पेला भरून देणं हे काम प्रतीक्षाचंच आहे.

परवा तिनं दुपारचं पाणी दिलं आणि वाळवण उलटायला बाहेर गेली. परत आली तेव्हा चांगुणाबाई मयुरीच्या बाटलीचं झाकण लावत होत्या. पेला अर्धा झाला होता आणि त्यांचे ओठ कोरडेच होते.

"आई!"

"अवं, तिची बाटली खाली होती," चांगुणाबाई म्हणाल्या. "मी मघाशीच पेलं."

कॅन त्यांच्यामागं भरलेली होती. काठोकाठ.

प्रतीक्षा आता बचत गटात बोलायला उभी राहत नाही. पण कोणी घर कसं पुरवता म्हणून विचारलंच, तर नियोजन सोडून ती एकच गोष्ट सांगते. तुम्हालाही तिचं तेवढंच सांगणं आहे. तुमच्या घरात काही फार नीट पुरत असेल, दूध, भाजी, गॅस, काहीही, तर आत्ता उठा. घरात जी बाई 'मला भूक नाही' म्हणते, 'मघाशीच पेलं' म्हणते, तिच्या शब्दावर जाऊ नका. तिच्या पायाची सूज बोटानं दाबून पाहा. तिचा पेला कुठं पालथा असतो ते शोधा, आणि उलटा करून आत बघा.