वारा साखळी काढत नाही

रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये पाद्री केंडलनं काउबॉयचा चित्रपट लावला, तो कुणासाठी, हे व्हर्ना टोलफसनला पाच मिनिटांत कळलं. सूडाची गोष्ट आणि शेवटी म्हणे क्षमा. आणि दोन रांगा पुढे मांडीवर टोपी ठेवून बसलेला ड्वाइट हॉगन.

ड्वाइट तिचा शेजारी, कुंपणाला कुंपण लागून. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कुरणाचं फाटक उघडं राहिलं, गाई हमरस्त्यावर आल्या आणि व्हर्नाचा मुलगा रोरी अंधारात गाडीसकट त्यांच्यावर आदळून गेला. तेव्हापासून ड्वाइटचं एकच पालुपद: 'वाऱ्यानं उघडलं.' मोंटानातला वारा आधीच बदनाम, त्याच्या माथी काहीही मारावं. गावानंही माना डोलावल्या. वर तेच गाव तिला सांगत होतं, माफ कर बाई, मन हलकं होईल. चोर सोडून संन्याशाला सुळी!

पडद्यावरचा नायक भावाच्या मारेकऱ्याला शोधत त्याच्या घरापर्यंत आला. खिडकीत मारेकऱ्याची पोरं दिसली. त्यानं पिस्तूल कुंपणाच्या खांबावर ठेवलं, फाटकाशी जरा वाकला आणि घोडा वळवला. मागे फाटक वाऱ्यावर हेलकावत राहिलं आणि बर्फ पडू लागला.

दिवे लागले. केंडल नुकताच गावात आलेला, गोड बोलणारा. "पिस्तूल म्हणजे द्वेष, तो त्यानं खाली ठेवला," तो म्हणाला. "आणि ते उघडं फाटक? वाऱ्यानं आपोआप उघडलेलं? ती देवाची क्षमा. व्हर्नाताई, तुम्हाला काय वाटतं?"

व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आपोआप?" ती उठलीच. "डोळे होते ना सगळ्यांना? घोड्यावरून वाकून त्यानं साखळी खिळ्यावरून काढली आणि दिली सोडून. बर्फाच्या दिवसात! गोळीनं एक माणूस मेला असता, पाद्रीबाबा. उघड्या फाटकानं कळप जातो आणि कळपामागे घर जातं. त्यानं माफबीफ काही केलं नाही. पिस्तूल ठेवलं, कारण त्याची गरजच उरली नव्हती."

"ताई, ते एक प्रतीक..."

"खड्ड्यात गेलं तुमचं प्रतीक! इथं प्रत्येकाच्या घरी फाटक आहे. मेबल, तू सांग. ऑर्विल, तू सांग. वारा साखळी काढतो?"

मेबल केकच्या ताटलीत बघत राहिली. ऑर्विलनं कॉफीत उगाच चमचा फिरवला. सगळे मूग गिळून बसले, जसे दोन वर्षं बसले होते. त्या गप्पपणाचा तिला ड्वाइटपेक्षाही जास्त संताप आला.

ड्वाइट उभा राहिला. टोपी हातात चुरगळत होती.

"नाही काढत," तो म्हणाला. "मीच लावली नव्हती. थंडी होती, उतरायचा कंटाळा केला. म्हटलं, परत यायचंच आहे."

केंडलचा चेहरा उजळला. "बघा! आता व्हर्नाताई..."

"तू गप रे!" व्हर्ना ओरडली आणि कोट उचलून बाहेर पडली.

घराच्या रस्त्यावर ड्वाइटची गाडी तिच्या गाडीमागेच होती. तिच्या फाटकाशी तो उतरून पुढे धावला, त्यानं फाटक उघडलं, तिला आत जाऊ दिलं, मग ते ओढून साखळी खिळ्यात अडकवली. फाटक उघडायचं-लावायचं काम गाडीत शेजारी बसणाऱ्याचं. तिच्या गाडीत ते रोरीचं होतं.

व्हर्ना गाडी थांबवून खाली उतरली. त्याच्या देखत तिनं साखळी दोन्ही हातांनी हिसडून पाहिली. पक्की होती.

"दोन वर्षं मला वेडी ठरवलंस," ती म्हणाली.

"हो."

"माफी मागायचीय?"

ड्वाइटनं मान डोलावली.

"मग आधी रोरीच्या थडग्यापाशी जा आणि जे आज हॉलमध्ये बोललास ते त्याला सांग. त्यानंतर माझ्या दारी ये. दार उघडेन की नाही, ते मी ठरवेन."