दुसरी

आईच्या कात्रीला घरात तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. अपवाद फक्त रविवारचा. त्या दिवशी ती आम्हा दोघी बहिणींना कापडाचा एकेक तुकडा द्यायची आणि हातानं बटणाचं काज करायला बसवायची. जिचं काज सरस, तिला संध्याकाळपर्यंत कात्री. आई लोकांचे कपडे शिवायची आणि घर त्यावर चालायचं. मला मात्र वाटायचं, ते त्या कात्रीवर चालतं.

काज पुरं झालं की आई ते वरून बघायचीच नाही. तुकडा उलटा करून खिडकीच्या उजेडात धरायची. "वरून सगळेच नटतात," म्हणायची, "मागे काय पसारा घातलाय ते दाखवा." मग ताईकडे बोट करून, "पहिली." आणि तुकड्यांवरून नजर न उचलता मला, "दुसरी." वाईट असं ती कधी म्हणाली नाही. पण दोघींतली दुसरी म्हणजे शेवटची, हे कळायला मला शाळेत जावं लागलं नाही. अजूनही ऑफिसात शेजारच्या टेबलाचं कौतुक झालं की माझा हात आपोआप माझ्या कागदांवर पडतो. झाकायला.

आई गेल्यावर तिची शिवणाची खोली आवरायला आम्ही दोघी भेटलो. टेबलावर एका गिऱ्हाइकाचा कोट पडला होता. बाह्या लागलेल्या, बटणं टाचलेली, काजं तेवढी राहिलेली. त्यावर कात्री. ताईनं ती उचलली आणि चहाचा कप द्यावा तशी माझ्यापुढे धरली.

"घे ठमे. तुला हवी होती ना?"

हवी होती. पण तिच्या हातून अशी, वापरून झालेल्या वस्तूसारखी नव्हे.

"फुकट नको," मी म्हटलं. "एकेक काज करू."

"या वयात? डोकं फिरलंय तुझं."

"घाबरलीस?"

तिनं कापडाचे दोन तुकडे शोधून एक माझ्याकडे फेकला. आम्ही आपापल्या जुन्या जागी बसलो, ती खिडकीशी, मी दाराशी. चांगल्या उजेडाची जागा तिची, हे आम्ही न बोलताच धरून चाललो होतो.

"तू हरलीस की चपला अडकवून खेळायला पळायचीस," सुईत दोरा ओवत ती म्हणाली. "मी कात्री धरून इथेच. पुढच्या रविवारची धास्ती घेऊन."

"म्हणजे तू माझ्यावर जळायचीस?"

"तर काय. हरून कुणी इतकं खिदळतं?"

मला राग आला. जळण्याचा मक्ता इतकी वर्षं माझा एकटीचा होता, आता तिला त्यातही वाटा हवा होता.

काजं झाली. आम्ही ती शेजारी शेजारी ठेवली. ताईचे टाके कुठे दाट, कुठे विरळ, एका कडेला कापड सुरकुतलेलं. माझं सरळ होतं.

तिनं माझ्याकडे बोट केलं. "पहिली."

मला आनंद झाला. आई जाऊन महिनाही झाला नव्हता, तरी झाला. मग आईच्या सवयीनं मी तिचा तुकडा उलटला आणि खिडकीशी धरला. मागे एक गाठ नव्हती. दोऱ्याचं टोक टाक्यांखालून असं ओवून घेतलं होतं, की कुठे संपलं ते दिसू नये. मागून इतका सुरेख चालणारा हात वरून चुकूच शकत नाही.

"मुद्दाम बिघडवलंस."

"मला एकदा दुसरी यायचं होतं," ताई म्हणाली. "आई होती तोवर जमलं नाही. मागून बघायची ना ती. आणि मागचं बिघडवायला माझा हात वळत नाही."

हरण्यातही ही बया माझ्यापेक्षा सफाईदार होती.

"कोटाचं काय करायचं?" तिनं विचारलं. "माणूस घ्यायला येईल."

"वरचं काज तू कर. खालचं मी."

"आणि मधलं?"

"ते पण तूच कर."

कोट मांडीवर पसरून आम्ही बसलो, या खेपेला दोघी खिडकीशी. काम संपल्यावर तो उलटून बघायला आमचे दोघींचे हात एकदमच पुढे गेले आणि एकदमच मागे आले. मी कात्रीनं उरलेला दोरा कापला. तिची काजं जास्त चांगली झाली होती. ते मला न उलटताच दिसलं.